कसा होता पिच्चर?

राजुऱ्याच्या टॉकीजचा गेटकीपर पिक्चर कधीच पाहायचा नाही. पडद्याकडे पाठ करून, टॉर्च काखेत धरून तो आम्हालाच पाहायचा. सुटल्यावर दारात प्रत्येकाला विचारायचा, "कसा होता पिच्चर, भाऊ?"

गावात केबल यायच्या आधी तिथे एक जुना, चावट इटालियन प्रेमपट लागला. सकाळच्या शोला फक्त पुरुष. बाहेर येताना सगळे मान खाली घालून म्हणायचे, "बकवास!" आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा रांगेत. मीही त्यातलाच.

एका सकाळी एक बाई एकटीच तिकीट घेऊन आली. रांगेत मागून कोणीतरी ओरडलं, "इले काऊन आत सोडून राह्यले?" गेटकीपरनं लेडीजच्या दाराचं कुलूप काढलं, तिला बसवलं आणि तिथेच उभा राहिला.

त्या दिवशी एकही शिट्टी वाजली नाही. पडद्यावर नवराच पलंगाखाली लपला तेव्हा अंधारात तिचं एकटीचं हसू ऐकू आलं. मी खुर्चीत खाली सरकलो.

सुटल्यावर कोणी घरी गेलं नाही. सगळे गेटबाहेर तिची वाट पाहत थांबले. एकानं गेटची कडी बाहेरून धरून ठेवली होती. गेटकीपर तिच्यासोबत आला आणि त्यानं मोठ्यानं विचारलं, "कसा होता पिच्चर, बाई?"

"मस्त. हासून हासून पोट दुखलं."

मग भर उन्हात त्यानं टॉर्च पेटवला आणि एकेकाच्या तोंडावर धरू लागला. "अन् तुमाले, भाऊ?"

'बकवास' कोणाच्याच तोंडून निघेना. कडीवरचा हात सुटला. माझ्यावर उजेड आला तेव्हा मी सायकलचं न लावलेलं कुलूप उघडत होतो.