भाऊसाहेबांच्या मळ्यातली लॅट्रीन

मी स्वतः बांधलेलं शौचालय बघायला निफाडला गेलो आणि पोचताच मलाच लागली. वाटेत द्वारकेच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली गाडी आणि पन्नाशीतलं पोट, दोन्हींचा भरवसा नसतो. मी तडक मळ्याचे मालक भाऊसाहेब यांच्या बंगल्यात घुसलो. हलका होऊन बाहेर आलो, तर ओट्यासमोर जिजाबाई उभी. द्राक्षछाटणीला सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळीची ती मुकादम. पदराआड हसत होती.

"सायेब, नवं बांधलेलं सोडून इकडं?"

"घाईत होतो."

"आमाला बी घाईच असते की."

मी सॅनिटरी इंजिनीअर. म्हणजे लोकांच्या पोटातून जे बाहेर पडतं ते पुढे कुठे न्यायचं, याचा विचार करून मी संसार चालवतो. छाटणी सुरू झाली तेव्हा भाऊसाहेबांचा फोन आला होता. "साहेब, झोपड्यांमागच्या उसात बिबट्या फिरतोय. बाया पहाटे त्याच उसात बसायला जातात. चार लॅट्रीन टाकून द्या, पण लवकर."

लॅट्रीन हा आमच्या धंद्यातला जुना, साधा शब्द. छावणीत, जत्रेत, मोठ्या बांधकामावर पुष्कळ माणसांसाठी एका ओळीत जे संडास उभे करतात, ती लॅट्रीन. खाली खड्डा, वर भांडं, मध्ये आडोसा, डोक्यावर पत्रा. फ्लश नाही, पाणी डब्याने न्यायचं. एकाच्या मालकीचं नाही, सगळ्यांचं.

मी तसा नकाशा काढला. आमच्या सरांनी तो लांब धरून वाचला.

"लॅट्रीन? आपली कन्सल्टन्सी आहे हो. टॉयलेट ब्लॉक लिहा."

शब्द बदलला की इस्टिमेटही बदलतं. टॉयलेट ब्लॉक म्हटल्यावर टाइल आल्या, बेसिन आलं, आरसाही आला. नकाशातलं ते रूप इतकं देखणं दिसायला लागलं की भाऊसाहेबांनी जागाच बदलली. झोपड्यांमागे नको, पुढे पॅकिंग शेडजवळ घ्या म्हणाले. "माल बघायला पार्टी येते. दिसू तर दे."

मी मान डोलावली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं एक काम मी कधी चुकवलेलं नाही.

ब्लॉक तयार झाला आणि बायका उसातच जात राहिल्या. मग बिबट्याने झोपडीच्या दारातून कुत्रं उचललं. दुसऱ्या पहाटे बायका पुन्हा उसात. म्हणून आज माझी फेरी होती.

भाऊसाहेब आणि जिजाबाईला घेऊन मी ब्लॉकचं दार उघडलं. फरशी चकचकीत, भांडं कोरडं ठणठणीत. जिजाबाईने बाहेरच चपला काढल्या आणि उंबऱ्यापाशी थांबली.

"या ना आत."

"नगं. पाय चिखलाचं हायेत."

"जिजाबाई, संडास आहे हा. देऊळ नाही."

"दिसतं तर देवळावानीच. आन् समोर शेडात गडी माणसं असत्यात. त्यांच्या म्होरून डबा घेऊन कोण जाईल? पोरी म्हणत्यात, त्यापरीस वाघ बरा."

बिबट्याला ती वाघच म्हणत होती.

भाऊसाहेब वैतागले. "मी अडवलं का कुणाला?"

"नाय अडवलं, भाऊ. पन हे पावण्यांचं हाय, येवढं कळतं आमाला."

भाऊसाहेब आरशात बघत उभे राहिले. मी बाहेर येऊन सरांना फोन लावला.

"सर, झोपड्यांना लागून साधी लॅट्रीन टाकावी लागेल."

"आणि ब्लॉकचं काय?"

"पार्टी वापरेल."

"दोनदा बांधकाम? चूक कुणाची लिहू?"

"माझी लिहा, सर. सही माझीच आहे."

वाद घालायचं त्राण नव्हतं. शिवाय ते खरंही होतं.

या वेळी जागा जिजाबाई आणि चार पोरींनी मिळून ठरवली. दारं झोपड्यांकडे, पाठ गड्यांकडे. खाली खरबरीत कोबा, म्हणजे चिखलाच्या पायांची भीती नको. मधल्या भिंती बेताच्याच उंच, कारण पोरी एकट्या जात नाहीत. पलीकडचीचा आवाज येत राहायला हवा. दाराशी पाण्याचा ड्रम, वर बल्ब. सरांनी रिपोर्टमध्ये त्याला 'कम्युनिटी सॅनिटेशन युनिट' म्हटलं. मळ्यात सगळे लॅट्रीनच म्हणतात.

नंतर गेलो तेव्हा उसाकडची पायवाट गवताने बुजत चालली होती. आतून दोघींचं कुणाच्या तरी सासूवरून जोरात चाललं होतं. मी लांबूनच परतलो. बिबट्या अजून उसातच आहे म्हणतात. तो काही माझ्या इस्टिमेटमध्ये बसत नाही. मला कळलं ते इतकंच, की संडास कुणाचा हे फरशी आणि दाराचं तोंड ठरवतं. पाटी नंतर.

हे मी इंदिरानगरला घरी येऊन बायकोला मोठ्या थाटात सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, लग्नाला गेलं की तुम्ही आधी मेनू बघता. आम्ही बायका आधी संडास कुठंय आणि त्याचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघतो. मग ठरवतो, पाणी प्यायचं की नाही."