निरोप जसाच्या तसा

माझ्या धाकट्या जावेचा मला पहिल्यांदा खरा राग आला तो रेडिओमुळे. एरवी ती बरी आहे. पुण्याची आहे, हौशी आहे, आणि लग्न होऊन आमच्या निंबर्ग्यात आली तरी कानडीच्या बाबतीत ‘ऊट आतेन?’, म्हणजे ‘जेवण झालं का?’, याच्या पुढे तिची गाडी काही सरकलेली नाही. मला कानडी येतं, दखनी येते, मराठी तर घरचीच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते याच्यामुळेच झालं.

हॅम रेडिओचं वेड माझ्या माहेरचं. ठाणाकुशनूरला माझे वडील, अप्पा, निवृत्तीनंतर सरकारी परीक्षा देऊन रेडिओवर बोलायचा परवाना मिळवून बसले. फोनवर अप्पा तीनच गोष्टी बोलतात: जेवलीस का, बरी आहेस ना, आईला देतो. तेच अप्पा संध्याकाळी सेटसमोर बसले की कुठल्या कुठल्या अनोळखी माणसाला विहिरीचं पाणी, तुरीवरची अळी, लहानपणचे उर्दूचे मास्तर, असं काय काय सांगत राहतात. माहेरी गेले की मी दारात उभी राहून ऐकायची. त्या परक्या लोकांचा मला फार हेवा वाटायचा.

म्हणून मीही परीक्षेला बसले. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला ती जड नव्हती. जाऊ घरी कंटाळली होती, तिला मीच सोबत घेतलं. पुस्तकं माझी, शिकवलं मी. दोघी पास झालो.

पण नुसत्या परवान्यावर भागत नाही. सेटवरून थेट बोलायला गेलं तर आवाज शिवेच्या फार पलीकडे जात नाही. राजेश्वरच्या बाजूला एका टेकाडावर रिपीटर आहे. तो आपला आवाज उचलतो आणि जोरात पुढे पाठवतो, की निंबर्ग्याचं बोलणं थेट ठाणाकुशनूरला. तो सगळ्यांनी मिळून वापरायचा. ऐकायला कुणाची मनाई नाही. बोलायचं तर मात्र सेटमध्ये एक ठरावीक ‘टोन’ भरावा लागतो, त्याशिवाय रिपीटर दाद देत नाही. आणि तो टोन द्यायचा की नाही हे राजेश्वरचे अण्णा ठरवतात. वायरलेस खात्यातून निवृत्त झालेले, रिपीटरची सगळी देखभाल तेच करतात.

अप्पांना टोन अर्थातच माहीत होता. मी फोनवर लाडात येऊन मागितला.

“ते अण्णाकडून घे,” अप्पा म्हणाले. “आईला देतो.”

अण्णांची पद्धत अशी, की नव्या माणसाला घरी बोलवायचं, स्वतःच्या सेटवर बसवायचं आणि एक निरोप इकडून घेऊन तिकडे द्यायला लावायचा. पुराच्या वेळी फोन बंद पडले तर हेच काम करायचं असतं. दसऱ्यानंतर आम्ही दोघी गेलो. निरोप सांगायला ठाणाकुशनूरहून अप्पा, आणि घ्यायला आळंदचे एक मराठी मास्तर. आधीचं सगळं मास्तरांना ऐकू जातच होतं, पण त्यांनी ऐकलंच नाही असं समजायचं.

अप्पांनी कानडीत निरोप सांगितला: औषधाच्या दोन पेट्या पाठवतोय, एक फुटलेली आहे, ती आधी उघडा. मी बटण दाबलं आणि मास्तरांना स्वच्छ मराठीत कळवलं, की औषधाच्या दोन पेट्या येत आहेत, आल्या आल्या उघडून घ्या. मास्तर मराठी, मग मी मराठीत बोलले. यात मी काही वेगळं केलं असं मला वाटलंसुद्धा नाही. आमच्याकडे अप्पा कानडीत विचारतात, मी मराठीत उत्तर देते, आणि दारावरच्या बांगडीवाल्याला तेच दखनीत सांगते. भाषा कधी बदलली ते कुणाला कळतही नाही.

अण्णांनी मान हलवली. “मॅडम, तुमी निरोप दिला न्हाई, समजावून सांगितला. फुटकी पेटी कुटं गेली?”

“पण मास्तरांना कानडी कमी कळतं.”

“ते मास्तर बगतील. तुमी कामून मदी पडायलाव?”

मग जाऊ बसली. तिलाही अप्पांनी कानडीतच निरोप सांगितला. तिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तिनं बॉलपेननं तळहातावर ते आवाज जसेच्या तसे देवनागरीत उतरवले आणि पोपटासारखे म्हणून दाखवले. अण्णा खूश. “ह्याला म्हनतात निरोप!” तीन भाषा येणारी नापास आणि एकच येणारी पास. तिला तिथंच टोन मिळाला. मला सांगितलं, तूर निघाल्यावर या.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, “ताई, माझ्याच सेटवरून बोला ना तुम्ही.” मी खिडकीबाहेर बघत राहिले. उसनं बोलायला मी काय पाहुणी होते?

नंतरचे दिवस वाईट गेले. संध्याकाळ झाली की ती गच्चीवर, आणि मी खाली चुलीपुढे माझा सेट बारीक आवाजात लावून बसलेली. आणि बोलत कोण होतं तिच्याशी? माझे अप्पा! तिच्यासाठी सावकाश मराठीत, मध्ये मध्ये एखादा कानडी शब्द शिकवत. माझ्या जिवाची नुसती आग व्हायची. नवरा म्हणाला, “बोलले तर काय बिघडलं?” त्याला त्या दिवशी करपलेली भाकरी वाढली.

एकदा अप्पा तिला सांगत होते, की मी लहानपणी त्यांचा ट्रान्झिस्टर हौदात बुडवून धुतला होता. मला ते चांगलं आठवतं. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते.

“मला राग न्हाई आला तवा,” अप्पा म्हणाले. “आत कोन बोलायलंय ते बगायलती ती. मलाच काय बोलावं कळंना.”

इतक्या वर्षांत हे मला नाही सांगितलं. सांगितलं कुणाला, तर हिला. मी सेट बंद केला आणि रात्री जेवलेच नाही.

तूर निघाली तशी मी एकटी राजेश्वरला गेले. अण्णांनी सेट पुढे केला. “सांगणार तुमचे अप्पा. घेणार तुमची जाऊ. ती घरीच सेटवर बसलीय.” म्हणजे माझी परीक्षा आता हिच्या हातात. मी दात आवळून बटण धरलं.

अप्पांचा आवाज आला. कानडीत, एकेक शब्द सुटा. माझी मुलगी रोज ऐकते. म्हणून मी जास्त बोलतो. समोर बसवून मला तिच्याशी बोलता येत नाही. ओव्हर.

मी अण्णांकडे बघितलं. ते मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

जसंच्या तसं द्यायचं होतं. तेव्हा मलाही ‘माझी मुलगी’ असंच म्हणावं लागलं, कानडीत, अप्पांच्याच शब्दांत. शेवटच्या वाक्याला माझा आवाज फाटला, पण शब्द एकही सुटला नाही. पलीकडून जावेनं ते कसंबसं परत म्हणून दाखवलं.

“बरोबर हाय,” अण्णा म्हणाले, आणि माझ्या सेटमध्ये टोन भरून दिला.

घरी पोचले तर जाऊ दारातच. “अभिनंदन, ताई! पण निरोप मला धड कळला नाही हं. मगळु म्हणजे मुलगी ना? काय सांगत होते अप्पा?”

“पेट्यांचंच होतं,” मी म्हणाले. “औषधाच्या.”

आणि सेट घेऊन मी गच्चीवर गेले.