मॅडमच्या आईची चर्चं

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मस्कतमधल्या दार्सैतच्या खोलीत जमिनीवर बसून चर्चची जुनी पोस्टकार्डं फडक्यानं पुसणं. बायको ज्या अमेरिकन मॅडमकडे स्वयंपाकाला होती, ती मस्कत सोडताना आम्हाला एक कपाट देऊन गेली होती. मी सुतार माणूस, अडकणारा ड्रॉवर तासायला बाहेर काढला, तर मागे हे पुडकं पडलेलं. कागदाला कुबट वास येत होता. बायकोनं लगेच ओळखलं. "अहो, ही मॅडमच्या आईची. अमेरिकेत दक्षिणेकडचं कुठलंसं शहर आहे त्यांचं, तिथली चर्चं. शोधून शोधून रडली होती बाई." नावं आम्हाला वाचता येईनात, म्हणून तिनं एकाला घड्याळवालं म्हटलं, एकाला लाल विटांचं. मी म्हटलं, "रद्दी झाली आता, टाक." ती चिडली. "तुमच्या आईचं असतं तर टाकलं असतंत? उद्याच्या उद्या पाठवा." मी बरं म्हटलं, तेही विषय संपवायला. संध्याकाळी चहा ठेवताना ती ओट्यापाशी कोसळली, आणि इस्पितळात पोचेपर्यंत सगळं खलास झालं होतं. सकाळी मुलगा ओरडला, "बाबा, आई तिकडे शवागारात आहे, आणि तुम्ही पोस्टात निघालात?" मी म्हटलं, "तिनं आज पाठवायला सांगितलंय." लोक अजून नावं ठेवतात, ठेवू देत. मॅडमच्या अमेरिकेहून आलेल्या एका जुन्या पत्रावरचा पत्ता मी लाकडावर नक्षी उतरवावी तसा एकेक अक्षर बघून काढला, रुवीच्या पोस्टात पाकीट दिलं, आणि मग बायकोला आणायला गेलो.