आमोस बर्किनशॉची तपकीर

माझे आजोबा आमोस बर्किनशॉ माणसांना मारायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या यॉर्कशायरच्या या खाणीच्या गावात त्यांचा विषय निघाला की सगळे त्यांच्या तपकिरीबद्दल बोलतात, तो डागाळलेला रुमाल, त्या मिशा, आणि मग गालातल्या गालात हसून गप्प बसतात. गप्प काय बसायचंय? मारायचे! गुत्त्यात मारायचे, फुटबॉलच्या मैदानावर मारायचे, एकदा तर स्वतःच्या लग्नात आजीच्या मामाला मारलं, का तर तो म्हणाला की खाणवाल्यांना आंघोळीचं वावडं असतं. मामा थेट केकवर पडला.

पण सख्ख्या भावाला मारलं ते प्रकरण वेगळं.

आजोबांचे वडील खाणीतच गेले. खाली वायू साचलेला, कुणीतरी चोरून सिगारेट पेटवली आणि भडका उडाला. त्यांना बुटांवरून ओळखलं. तेव्हापासून खाली काडेपेटी नेणारा माणूस म्हणजे आजोबांच्या लेखी खुनी. सगळ्यांच्याच लेखी, खरं तर. म्हणून खाली सगळे तपकीर ओढायचे. आग नाही, धूर नाही, तलफ भागते आणि नाकातली कोळशाची धूळही निघते.

आणि क्लिफर्ड, आजोबांचा धाकटा भाऊ, सैन्यातून परत आला तो सिगारेटचं धुराडं होऊन. लग्न ठरलेलं, हाताला काम नाही. आजोबांनी खाली एकत्र कोळसा काढणाऱ्या आपल्या टोळीत शब्द टाकला. टोळीतला म्हातारा ईनॉक म्हणाला, "तो फुंकतो रे, आमोस."

"माझा भाऊ आहे. माझी जबाबदारी."

"भडका उडाला की जबाबदारी कुणाला शोधायला येणार?"

"सांगितलं ना एकदा!" आजोबा ओरडले.

मग आजोबांनी क्लिफर्डला दंडाला धरून खाणीच्या फाटकासमोरच्या हेपवर्थबाईंच्या तंबाखूच्या दुकानात नेलं. बाईंनी बरणी उघडली, कागदावर थोडी तपकीर काढली, सुकी, बारीक, चहाच्या रंगाची.

"चिमूटभर घे. हळू ओढायची," आजोबा म्हणाले. "फुलाचा वास घेतोस तशी."

"फुलं कुठायत इथे?" क्लिफर्ड म्हणाला आणि सिगारेटचा झुरका मारावा तशी सगळी एका दमात वर खेचली.

अरे देवा. ती गेली घशात. तो वाकला, खोकला, शिंकला, डोळ्यांतून धारा, नाकातून काय काय, आणि बाईंच्या वजनकाट्यावर सगळा फवारा! आजोबा पोट धरून हसले. तेवढं पुरलं. क्लिफर्डने डोळे मिटलेले असतानाच ठोसा फिरवला, तो आजोबांच्या कानावर बसला. आजोबांनी त्याला उचलून दारावर आपटलं. दाराची काच गेली. क्लिफर्डने त्यांच्या दंडाचा चावा घेतला, अक्षरशः चावा! हेपवर्थबाई काउंटरमागून झाडू घेऊन आल्या आणि दोघांनाही झोडत सुटल्या.

"माझं दुकान म्हणजे कुस्तीचा आखाडा वाटला का रे, रेड्यांनो!"

फुटपाथवर बसून दोघं धापा टाकत होते. क्लिफर्ड म्हणाला, "म्हाताऱ्यांची चैन आहे ही. मला नाही जमणार."

"जमव," आजोबा म्हणाले. "नाहीतर मी तुझा जीव घेईन. खरंच घेईन."

महिनाभर त्याने जमवलं. निदान सगळ्यांना तसं वाटलं. मग एक दिवस कोळसा भरता भरता क्लिफर्ड दिसेना. आजोबा शोधत बंद पडलेल्या जुन्या बोगद्यात गेले, तर हा तिथे भिंतीला टेकून बसलेला. ओठांत सिगारेट. हातात काडी, पेटीला लावलेली, फक्त ओढायची बाकी.

आजोबांनी हाक मारली नाही. झेप घेतली आणि तो हातच काडीसकट आपल्या पंजात आवळला, इतका आवळला की क्लिफर्डचं बोट मोडल्याचा आवाज मागून धावत आलेल्या ईनॉकलाही ऐकू आला.

"दादा, फक्त एकच होती," क्लिफर्ड म्हणाला.

"बाबांच्या वेळीही एकच होती."

बाकीचे जमले. आता दोनच वाटा होत्या. खाणीच्या साहेबाला कळवलं की पोलीस, तुरुंग, पुन्हा कुठल्याच खाणीत काम नाही आणि लग्नही मोडणार. किंवा मग टोळीचा हिशोब, वर जाऊन, कपाळावरचे दिवे ठेवायच्या खोलीमागे, प्रत्येकाचा एक ठोसा. पहिला घरच्या माणसाचा. आणि घरच्याने कुरवाळलं तर हिशोब धरत नसत, सरळ साहेबाकडे जात.

वर आले. क्लिफर्डने टोपी काढली, मोडलेलं बोट काखेत धरलं आणि उभा राहिला. ईनॉक म्हणाला, "आमोस, तुझा मान पहिला. आणि आम्ही बघतोय हं."

आजोबांनी मारला. नाकावर. ईनॉक सांगायचा, ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. क्लिफर्ड पडला, उठला, आणि बाकीच्यांसाठी पुन्हा सरळ उभा राहिला. एकामागून एक सगळ्यांनी मारला. रडला नाही. आजोबा मात्र भिंतीकडे तोंड करून ओकले.

घरी आजीने ताट वाढलं नाही. "भावाचं नाक फोडून आलास ना? जा, त्याच्याकडेच माग जेवायला."

सोमवारी प्रश्न असा होता की त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार. खाणीत खाली नेणाऱ्या लोखंडी पाळण्यात सगळे चढून दाटीवाटीने उभे, आणि क्लिफर्ड बाहेर, तोंड कोबीसारखं सुजलेलं. ईनॉक पाळण्याबाहेर आला, त्याचे खिसे उलटे केले, टोपी झटकली, मोजेसुद्धा काढायला लावले.

"चढ," तो म्हणाला आणि त्याला ढकलून नेमका आजोबांच्या समोर उभा केला. छातीला छाती.

दार लागलं. ईनॉक म्हणाला, "डोळ्यावर येतायत रे हे दिवे," आणि त्याने कपाळावरचा आपला दिवा बंद केला. शेजारच्याने केला. मग त्याच्या शेजारच्याने. शेवटी एकट्या आजोबांचा राहिला. त्यांना कळलं. त्यांनी क्लिफर्डकडे बघितलं, मान डोलावली आणि स्वतःच्या हाताने दिवा बंद केला.

पाळणा सुटला. अंधारात फाडकन आवाज आला. मग दुसरा.

खाली टेकल्यावर दिवे लागले तेव्हा आजोबांच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. त्यांनी दात तळहातावर थुंकला.

"काय रे, ठेच लागली?" ईनॉकने विचारलं.

"हो."

"अंधार फार असतो बाबा."

क्लिफर्ड हात झटकत कण्हत होता. "हाही हात गेला माझा. दगडाचं थोबाड आहे याचं."

"मग आज कोळसा काय नाकाने भरणार?" आजोबा म्हणाले.

"नाक ठेवलंयस कुठे, हरामखोरा?"

सगळा बोगदा हसला. त्या दिवशी आजोबांनी रक्त थुंकत थुंकत दोघांच्या वाटचा कोळसा भरला, आणि क्लिफर्ड बाजूला बसून त्यांना शिव्या घालत राहिला.