बिंगो थांबवणारी डॉर्कस

कॅनडात हडसन उपसागराकाठच्या क्री आदिवासींच्या वस्तीत डॉर्कस रेडिओवरून वर्षभर नर्सिंग कॉलेजची माहिती वाचत होती, पण कुत्रंसुद्धा ऐकत नव्हतं. बुधवारी तीच बिंगोचे आकडे पुकारायची, तेव्हा मात्र घरोघरी लोक कार्डं पसरून रेडिओला चिकटायचे. या बुधवारी डाव ऐन रंगात आला आणि ती थांबली.

"कॉलेजच्या अर्जाची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत, अर्ज इथे रेडिओ स्टेशनवर! बिंगो लागला की फोनवर आधी ही मुदत सांगायची, नाहीतर बक्षीस नाही!"

लगेच फोन खणखणला. "मेले, आकडा बोल!" म्हातारी जेमायमा कडाडली.

बिंगो नेमका तिलाच लागला. "शुक्रवार, पाच!" ती किंचाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनच्या दारात अर्जासाठी नऊ पोरींची रांग लागली. त्यांच्याही पुढे जेमायमा.

"आजी, नातीसाठी का?"

"वयाची अट कुठे वाचलीस तू?"