खुनी सापडेपर्यंत आमेन

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वाकडं आहे, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली.

बाहत्तरच्या दुष्काळाआधी नगरला आमच्या चर्चच्या अंगणात उपासनेनंतर पुस्तकवाले काका टेबल मांडत आणि पुस्तकं वाचायला देत. त्यांच्याकडच्या एका ख्रिस्ती रहस्यकादंबरीचा पहिला भाग वाचताना मला झोप यायची. दोष माझ्या चौथीचाच, असं समजून एका रविवारी मी मुकाट्यानं तिचा दुसरा भाग हातात घेतला होता.

तेवढ्यात शेवगावकडची एक नऊवारीतली बाई आली. तिनं त्याच कादंबरीचा पहिला भाग पदरानं पुसून टेबलावर ठेवला.

"काका, खून पयल्याच पानावर हुतो. मंग पाळकसाहेब नुसती प्रार्थना करत्यात. प्रार्थना वाचली की आमेन म्हनावं लागतं. म्हनून म्हनून घसा बसला, पन खुनी काय घावला न्हाई."

"प्रार्थनेचा कंटाळा, बाई?"

"प्रार्थना मी घरी रोज करते. ह्ये पुस्तक लई रेंगाळतंय. दुसरा भाग नगं मला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. देवाचं नाव असलेल्या पुस्तकालाही कंटाळवाणं म्हणता येतं, आणि म्हणणाऱ्याची भक्ती तसूभर कमी होत नाही.

तिचं नाव विचारायचं धाडस मला झालं नाही. पण हातातला भाग मी काकांपुढे ठेवला आणि म्हणाले, "मलापण नको."