कूलरची खिडकी

दिवाळीच्या पणत्या माळ्यावर गेल्या की आमच्या अमरावतीत घरोघरी एकच काम निघतं, कूलर उतरवायचं. उन्हाळाभर खिडकीत घरघरणारा तो पत्र्याचा डबा पावसाळ्यात तसाच पडून असतो आणि थंडीची पहिली चुणूक लागली की सगळ्यांना एकदम आठवतो.

आमच्याकडे हे काम ह्यांचं. टाकीतलं गढूळ पाणी काढायचं, ताट्यांतलं सडकं गवत उपसायचं, डबा गच्चीवर न्यायचा आणि खिडकीत जे भगदाड उरेल त्याला पुठ्ठा ठोकायचा, वरून फ्लेक्स. एका वर्षी निवडणुकीचा जुना फ्लेक्स मिळाला आणि ह्यांनी घाईत तो चित्राची बाजू आत करून लावला. अख्खा हिवाळा एक पुढारी हात जोडून आमच्या पलंगाकडे पाहत होता. म्हटलं, "अवो, याले फिरवा ना तिकडे. मले साडी बदलायची लाज वाटते." तर म्हणाले, "राहू दे वं. निवडून आल्यावर पहिल्यांदा कोणाच्या घरी आला बिचारा."

हे गेल्यावरचा पहिला हिवाळा मी अकोल्याला लेकीकडे काढला. लेक-जावई चांगले आहेत, तक्रार नाही. पण तिथे रजई कुठे वाळत घालू हेसुद्धा विचारावं लागतं. यंदा लेकीला फोनवर सांगून टाकलं, "मी नाही येत. माह्या घराची थंडी मी पाहून घेईन."

आणि पाहिलीही. डांबरगोळ्यांच्या वासाच्या रजया गच्चीवर टाकल्या. दाराखालच्या फटीत जुन्या लुगड्याची गुंडाळी बसवली. न्हाणीच्या झरोक्याची फुटकी काच बदलून घेतली. गल्लीतल्या मिस्त्रीने कूलर गच्चीवर चढवून दिला आणि म्हणाला, "पुठ्ठा ठोकून देऊ का, काकू?" म्हटलं, उद्या पाहू.

त्या संध्याकाळी पलंगावर बसले होते तर खिडकीतून आवाज आला, "अम्मी, माझा दुसरा मोजा कुठे आहे?"

आमच्या खिडकीला लागून हातभर रुंदीचा बोळ आहे आणि बोळापलीकडे गादीवाल्यांचं घर. चौकात त्यांचं दुकान आहे, रुई पिंजायची, गाद्या-रजया भरायच्या, हे त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. नवरा, बायको आणि शाळेत जाणारी एक पोरगी. इतकी वर्षं मधे कूलर नाहीतर पुठ्ठा असायचा, शिवाय माझ्या घरात बोलणारं माणूस होतं, तेव्हा त्यांच्याकडे काय चालतं ते कधी कानावर पडलं नव्हतं. आता कूलर गेला आणि त्यांचं घरच माझ्या खोलीत आलं.

बघार दिला की चर्र आवाज, मागोमाग लसणाचा वास. तो दुकानातून आल्यावर आधी चपला आपटायचा, मग पाणी मागायचा. ती म्हणायची, "हात नाहीत का तुम्हाला?" आणि द्यायचीच. पोरगी पाढे म्हणायची. सतराच्या पाढ्यात रोज त्याच जागी अडकायची. मी इकडे रजईत पुटपुटायची, एकशे एकोणीस, बाई, एकशे एकोणीस! ती सांगायची एकशे सव्वीस. मी कपाळाला हात लावायची.

काय सांगू, मला ते फार बरं वाटायचं. दिवसभर या घरात माझ्याच भांड्यांचा आवाज. टीव्ही लावला तर तो सगळ्यांशी बोलतो, त्यात मी कुठे? हे मात्र खरं घर होतं, हातभर अंतरावर. पुठ्ठा ठोकला असता तर ते गेलं असतं. म्हणून मी तो ठोकला नाही. वारं सरळ उशाशी यायचं. दोन रजया, स्वेटर, कानाला मफलर, वर खोकला. पहाटे तर उबळ थांबता थांबत नसे. थांबली की मी कान देऊन ऐकायची, तिकडे चहाचं आधण ठेवलं का.

डिसेंबरात दर्यापूरला भाचीच्या घरची वास्तुशांत होती. एक मुक्काम करून परत आले, दार उघडलं आणि खोली उबदार! बाप्पा, हे काय? खिडकीकडे पाहते तर बाहेरून प्लायवूड ठोकलेलं. साधंसुधं नाही. कडेने चारी बाजूंनी रुई गच्च दाबून भरलेली, गादीत भरतात तशी. वाऱ्याला शिरायला केसभर जागा नव्हती. बसले, कान दिला. काही नाही. रुईने सगळं पिऊन टाकलं होतं.

डोकंच सणकलं माझं. माह्या घराले हात लावायचा तर निदान विचारावं तरी! तशीच तणतणत फाटकापर्यंत गेले. ती तिच्या दारात मेथी निवडत बसली होती. मला पाहून हातातली जुडी टाकून उठली.

"पाहिलं का, काकू? ह्यांनी सुट्टीच्या दिवशी बसून केलं. चांगली रुई टाकली, दुकानातली. तुमचा खोकला ऐकू येत होता ना आमाले, रोज पहाटे. जीवच लागत नव्हता. हे म्हणत, काकू एकट्या, त्यांच्याच्यानं पुठ्ठा कुठे ठोकल्या जाते? आपणच करून टाकू."

माझा राग फाटकातच गळाला. मला वाटत होतं, ऐकणारी मी एकटीच. हे लोक रोज पहाटे चहा ठेवण्याआधी मला ऐकत होते! माझ्यापायी कोणाचा जीव लागत नाही, हे कितीतरी दिवसांनी कोणीतरी तोंडाने बोललं. आणि त्याच मायेने त्यांनी ती खिडकी बुजवली होती.

काय म्हणणार? पोरी, काढ ते प्लायवूड, मला तुमच्या घरातलं बोलणं ऐकायचं असतं? असं कुठे सांगता येतं? उद्यापासून बिचारी आपल्याच घरात हळू आवाजात बोलेल. म्हटलं, "बरं केलं बाई. लय थंडी वाजत होती."

आता खोली उबदार असते. एकच रजई पुरते. पाढा सतराच्या पुढे गेला की नाही, कोण जाणे. छातीत बसलेला कफ मात्र काही सुटत नाही. पहाटे उबळ येते, थांबते, आणि मग नुसती शांतता.

परवा दूध घ्यायला बाहेर आले तर ती अंगण झाडत होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला.

"काकू, खोकला बरा झाला ना? आता बिलकुल ऐकू नाही येत!"

"झाला, पोरी," मी म्हटलं, आणि आत येऊन दार लावेपर्यंत तो दाबून धरला.